लग्न एक, संसार दोन

जेसी बर्नार्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ साली मांडले, की प्रत्येक लग्नात दोन लग्ने असतात. एक त्याचे, एक तिचे. नवरा-बायकोला वेगवेगळे विचारले तर साध्या गोष्टींचीही उत्तरे जुळत नाहीत.

त्याआधी १९४५ मध्ये बर्जेस आणि लॉक यांनी लिहिले होते, की कुटुंब आता रूढीपेक्षा सोबतीवर उभे राहू लागले आहे. १९७६ मध्ये स्पॅनिअर यांनी तर ही सोबत मोजायला ३२ प्रश्नांची मोजपट्टी केली. माझ्यातला मास्तर लगेच विचारता झाला, पेपर ठीक आहे, पण सोडवणार कोण?

आमच्या संसाराला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण देत आलो. कधी भांडण म्हणून नाही! परवा हिला तसे म्हणालो. पोळी उलटत ती म्हणाली, "भांडायला दोघांनी बोलावं लागतं. मी गप्प बसत होते."

तेव्हापासून माझे मत झाले आहे, की सुखी संसाराची सरासरी काढू नये. दोन्ही उत्तरपत्रिका वेगवेगळ्या वाचाव्यात. माझ्या वयाच्या मित्रांनो, एकदा घरी विचारून पाहा. मात्र उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. मला ते अजून नीट जमत नाही.