करांद्याची बदनामी

करांदा म्हणजे गरिबाने लाजत खायची वस्तू, हे मला मान्य नाही. संगमेश्वराकडे कुंपणावर चढणाऱ्या या वेलीला पानांच्या बेचक्यात बटाट्यासारखे कंद धरतात. कडू जात असेल तर राख घालून उकडावी लागते, एवढेच! १९०५ साली हीच वेल अमेरिकेत फ्लोरिडाला गेली आणि झाडे गुदमरवणारे तण ठरली. शेवटी २०११ मध्ये तिची पाने खाणारे भुंगेरे आशियातून नेऊन तेथे सोडावे लागले. आपल्याकडे खाणारे पूर्वीपासून आहेत: भुंगेरे, रानडुकरे आणि आपण. त्यांतले आपणच तेवढे आता बटाटे विकत आणतो. गळलेला प्रत्येक करांदा मात्र पावसात पुन्हा रुजतो.