तबकडीमागचा माणूस

पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात मैफल रंगली की टाळ्या गायकाला मिळतात; ध्वनिमुद्रिकेचेही तसेच. जी. एन. जोशी हे नाव आज किती जणांना आठवते? ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन घरोघरी पोहोचवणारा हा गायक पुढे एचएमव्ही या ध्वनिमुद्रिका कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाला. तासाभर फुलणारा राग तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसवण्याचा तो काळ. पुढे १९६७ मध्ये ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत संतूर, बासरी आणि गिटारवर काश्मिरी मेंढपाळाचा अख्खा दिवस उभा राहिला, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काब्रा जगभर ऐकले गेले. निर्माते होते जोशी. निर्माता हाही कलावंतच. पनवेलकर रसिकहो, आवडती ध्वनिमुद्रिका लावताना तिचा निर्माता कोण, हेही आवर्जून पाहा.