शितावरून भाताची परीक्षा, पण बीरगावचे शीत कुठे?

छत्तीसगडची ओळख भाताचे कोठार अशी आहे. तिथल्या जनतेच्या आरोग्याची पाहणी करताना शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आठवणे म्हणूनच स्वाभाविक आहे. नमुना पाहणीचे सारे शास्त्र या म्हणीत सामावले आहे. मात्र तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे. भांड्यातला भात सगळीकडे सारखा शिजलेला असला पाहिजे. रायपूरला खेटून वसलेल्या बीरगावकडे पाहिले की हे गृहीतक कोसळते.

बीरगाव ही रायपूर जिल्ह्यातील स्वतंत्र महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या लाखाच्या घरात होती. शेजारी उरला औद्योगिक क्षेत्र आणि बिलासपूर रस्त्याने पुढे सिलतरा. स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि रोलिंग मिलवर ज्यांचे पोट चालते, ते मजूर इथल्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या यादीत सूक्ष्म धूलिकणांचे वार्षिक प्रमाण दिल्लीत १५३, तर रायपुरात १३४ मायक्रोग्रॅम नोंदवले गेले. दिल्लीच्या हवेवर संसदेत चर्चा झडतात. रायपूरच्या वेशीवरची हवा रोज छातीत भरून घेणाऱ्यांची फुप्फुसे मात्र कोणी मोजत नाही.

देशाच्या आरोग्याचा आरसा म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीकडे पाहिले जाते. १९९२-९३ पासून मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ती सांभाळली. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून जिल्हावार आकडे मिळू लागले, ही मोठीच प्रगती होती. परंतु आकडा जिल्ह्याच्या वेशीवर येऊन थांबतो. आरंग, अभनपूर, तिल्दा येथील शेतकरी, राजधानीतील सचिव आणि बीरगावचा भट्टीकामगार यांची एकच सरासरी निघते. शिवाय २०१२ मध्ये जुन्या रायपूर जिल्ह्यातून बलौदाबाजार आणि गरियाबंद वेगळे झाले. चौथी फेरी जुन्या जिल्ह्याची, पाचवी नव्या जिल्ह्याची. मग तुलना कशाची कशाशी करायची?

पाहणीचा रोखही ध्यानात घ्यावा लागेल. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ७ लाख २४ हजार स्त्रियांच्या मुलाखती झाल्या आणि पुरुषांच्या १ लाख २ हजारांच्या आसपास. माता आणि बालके हा तिचा मूळ विषय असल्याने हे समजण्याजोगे आहे. पण त्यामुळे भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या पुरुषाचे आजार तिच्या कक्षेत जेमतेम येतात. सिलिकोसिससारखे आजार आढळल्यास डॉक्टरांनी ते कळवावेत, असे १९४८ च्या कारखाना कायद्याने सांगितले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेतही तसे बंधन आहे. तथापि कंत्राट संपताच गावी परतणाऱ्या मजुराचा आजार कोणत्या वहीत उतरणार?

त्यातच मोजणाऱ्यावर डोळे वटारण्याची प्रवृत्ती बळावते आहे. पाचव्या फेरीत छत्तीसगडमधील १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून जवळपास ६१ टक्क्यांवर गेले. पुढच्या फेरीतून रक्तक्षयाची चाचणीच वगळण्यात आली. बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताने निष्कर्ष चुकू शकतो, या युक्तिवादात तथ्य आहे. मात्र वेगळ्या पद्धतीच्या वेगळ्या पाहणीमुळे दोन दशकांच्या तुलनेचा धागा तुटतो, त्याचे काय? जुलै २०२३ मध्ये संस्थेचे तत्कालीन संचालक के. एस. जेम्स यांना निलंबित करण्यात आले. सरकारने भरतीतील अनियमिततेचे कारण पुढे केले, तर विरोधकांनी अडचणीच्या आकड्यांकडे बोट दाखवले. खरे काहीही असो, हाताखालच्या संशोधकांनी त्यातून कोणता धडा घेतला असेल, हे सांगायला नको.

उत्तर शोधायला फार दूर जाण्याची गरज नाही. छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवण्याची शिस्त घातली. त्या नोंदींच्या पायावर गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले आणि नवजातांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. २००१ मधील 'कोवळी पानगळ' या अहवालाने राज्य सरकारचे बालमृत्यूचे आकडे किती अपुरे आहेत, हे चव्हाट्यावर आणले. पुढे २०११ मध्ये केंद्राने ही गृहसेवा 'आशां'मार्फत देशभर स्वीकारली. आधी मोजणी, मग उपाय, असा तो क्रम होता.

छत्तीसगडकडे तर त्यासाठी लागणारे मनुष्यबळही आहे. 'आशा' योजना २००५ मध्ये आली. तिच्या आधी तीन वर्षे, २००२ मध्ये, या राज्याने 'मितानिन' उभी केली होती. वस्तीतलीच ही स्त्री कोणत्या खोलीत कोण नवे आले आणि कोण खोकतो आहे, हे कोणत्याही प्रगणकाआधी जाणते. बीरगावच्या प्रत्येक प्रभागात तिच्या नोंदींतून जन्म, मृत्यू आणि दीर्घ खोकला यांची कायमस्वरूपी वही तयार व्हावी. तिची पडताळणी रायपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी करावी. पण या कामाचा मोबदला मितानिनला वेगळा मिळाला पाहिजे. तिच्या डोक्यावर आणखी एक वेठ नको. आणि ते आकडे मंत्रालयाच्या संमतीची वाट न पाहता ठरल्या तारखेला प्रसिद्ध व्हावेत.

रखडलेली जनगणना २०२७ मध्ये होणार असे अधिसूचना सांगते. पुढच्या पाहण्यांचा नमुना तिच्यावरूनच निघेल. २००५-०६ च्या पाहणीत नागपूरसह आठ शहरांतील झोपडपट्ट्यांचा स्वतंत्र नमुना घेतला गेला होता. तोच न्याय आता औद्योगिक वस्त्यांना लावता येईल. केंद्रीय आरोग्य मंत्रालयातील मराठी अधिकाऱ्यांना हे तांत्रिक बारकावे नवे नाहीत. एकेकाळी रायपूरचा कारभार नागपूरहून चालत असे, हेही त्यांना ठाऊक आहे. आराखडे ठरण्याच्या या घडीला त्यांनी एवढेच विचारावे, की भांड्याच्या तळाशी करपलेले शीत या वेळी तरी उचलले जाणार आहे का? तसे झाले नाही, तर भात छान शिजल्याचा निर्वाळा पुढची दहा वर्षे मिळत राहील आणि बीरगाव खोकत राहील.