विनोदी नटाचें काय चुकलें ?

आमच्या टीकाकारांत एक मत बरेंच रूढ झालें आहे. तें असें कीं, दूरदर्शनच्या विनोदी मालिकेंत काम करणारा नट हा करमणुकीचा कारागीर होय. त्याच्या कामास कला म्हणणें हा त्या शब्दाचाच अपमान आहे. हें मत उघडपणें फारसें कोणी लिहीत नाहीं, पण वागणुकींत तें पदोपदीं दिसतें. नाटकाच्या एका प्रयोगावर पानेंच्या पानें खर्च करणारी लेखणी मालिकेंतील अभिनयाशीं आली कीं अडखळते; आणि तो नट वारला म्हणजे त्याच्या एखाद्या भूमिकेचें नांव मथळ्यांत घालून मोकळी होते. आम्हांस हें मत चुकीचें वाटतें. त्यापासून झालेलें नुकसान तर भरून येण्यासारखें नाहीं.

चि. वि. जोशी यांचे चिमणराव हे अस्सल पुणेकर. बडोद्यास पाली भाषा शिकविणाऱ्या या विद्वानानें 'एरंडाचें गुऱ्हाळ' १९३२ सालीं प्रसिद्ध केलें, आणि तेव्हांपासून चिमणरावांना मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत मानाचें आसन मिळालें. १९४० सालीं 'लग्न पाहावे करून' या बोलपटांत दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले. पुढें मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, व त्या दशकाच्या अखेरीस विजया जोगळेकर-धुमाळे यांनीं हेंच कुटुंब छोट्या पडद्यावर आणलें. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले व बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आतां गंमत पाहा. पुस्तकांतले चिमणराव हें वाङ्मय आणि पडद्यावरचे चिमणराव ही निव्वळ करमणूक, असा निवाडा आमची पंडितमंडळी देते. मनुष्य तोच, फजितीही तीच. मग जात कोठें बदलली?

वास्तविक नटाचें काम येथें अधिक बिकट होतें. पुस्तकांत चिमणराव आपली हकीगत आपणच सांगतात. ते सांगतात एक व घडलेलें असतें दुसरेंच, हें वाचकास कळतें आणि त्या अंतरांतून हंसूं येतें. पडद्यावर निवेदकाची ही सोय नाहीं. जें अंतर लेखकानें वाक्यांत ठेविलें, तें नटास डोळ्यांत, आवाजांत, अर्धवट उचललेल्या हातांत आणावें लागतें. शिवाय रंगभूमीवरील विनोदी नटाला प्रेक्षकांचा हंशा हा सांगाती असतो. तो किती वेळ थांबावें हें शिकवितो. चित्रणगृहांत समोर कॅमेरे असतात, आणि कॅमेरा हंसत नाहीं. घरोघरीं बसलेलीं माणसें कोठें व किती हंसतील याचा अदमास घेऊन नटानें आपला विराम ठरवावयाचा. हा अदमास चुकला कीं वाक्य मरतें. प्रभावळकर व कर्वे यांनीं तो आठवड्यामागून आठवडे साधला, तेंही या माध्यमाचे कोणतेच संकेत मराठींत ठरलेले नसतांना. नोकरी सांभाळून नाटकांत रमणारे हे गृहस्थ: कर्वे पेशानें अभियंते, तर प्रभावळकर औषधांच्या धंद्यांत नोकरीस.

विरोधकांचा दुसरा आक्षेप असा कीं, मालिकेची भूमिका नटाला गिळते. एकदां ओळख पटली कीं तो दुसरा कोणी होऊंच शकत नाहीं. याचें उत्तर प्रभावळकरांनीं वादानें दिलें नाहीं, कामानें दिलें. भित्र्या चिमणरावानंतर 'चौकट राजा' (१९९१) मधील मतिमंद नंदू. त्यानंतर दोनच वर्षांनीं 'झपाटलेला' मधला दुष्ट तात्या विंचू. स्वतःच लिहिलेल्या 'हसवाफसवी' नाटकांत एकट्यानें सहा माणसें. आणि २००६ सालच्या 'लगे रहो मुन्नाभाई' मध्यें महात्मा गांधी. त्या वर्षाचें सहाय्यक अभिनेत्याचें राष्ट्रीय पारितोषिकही त्यांस मिळालें. मध्यंतरीं २००१ सालीं ते पुन्हां मालिकेकडे वळले. त्यांच्याच 'अनुदिनी' वरून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' निघाली, आणि साठीसही न पोहोंचलेले प्रभावळकर तींत वृद्ध आबा झाले. चिमणराव व आबा हे दोघेही मध्यमवर्गीय कुटुंबांतले, तरी एकाची सावलीसुद्धां दुसऱ्यावर पडत नाहीं. चिमणराव प्रसंगांत सांपडतात. आबा प्रसंगाकडे पाहतात. हा फरक ज्यास दिसला नाहीं, त्यानें भूमिका नटास गिळते असें म्हणूं नये.

बाळ कर्वे मात्र लोकांच्या तोंडीं जन्मभर गुंड्याभाऊच राहिले, हें खरें. 'रथचक्र' सारख्या गंभीर नाटकांतहि त्यांनीं काम केलें होतें. ऑगस्ट २०२५ मध्यें ९५ व्या वर्षीं ते वारले तेव्हां पुढें आला तो गुंड्याभाऊ. पण हा दोष भूमिकेचा कीं पाहणाऱ्यांच्या आळसाचा ?

आजच्या पुष्कळशा विनोदी मालिका म्हणजे आरडाओरडा व त्यामागें वाजविलेला उसना हंशा, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु वाईट नाटकें पडलीं म्हणून नाट्यसमीक्षा कोणी बंद केली नाहीं. सोनें व पितळ निवडणारा कोणी नसला, म्हणजे बाजारांत पितळच जास्त येणार.

या उदासीनतेचें फळ काय झालें, तें सांगतांना वाईट वाटतें. त्या काळीं चित्रफिती महाग. जुनें पुसून त्यावरच नवें घेण्याची चाल होती. चिमणरावाचे मोजकेच भाग आज उरले आहेत. विलायतेंतही हें घडलें. बी.बी.सी.नें 'डॅड्स आर्मी' या लोकप्रिय मालिकेचे कांहीं भाग असेच गमावले. पण तेथें शोध चालला, २००१ सालीं दोन भाग हातीं लागले, आणि न सांपडलेल्या तीन भागांची यादी आज कोणीही सांगूं शकेल. आमच्याकडे अशी यादी तरी कोणी केली आहे काय ? राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यांत आहे. दूरदर्शनच्या शिक्षणाचा विभागही १९७४ सालीं दिल्लीहून येथील चित्रपट संस्थेंत आला. चिमणराव तर येथलेच. तेव्हां आमचें मागणें मोठें नाहीं. कोणत्या आठवड्यास कोणती कथा दाखविली, कोणीं काय काम केलें, चित्रण कसें होई, हें त्या मालिकेंतील हयात मंडळींकडून कोणी तरी बसून लिहून घ्यावें. प्रभावळकरांनीं ऐंशी ओलांडली आहे. हें काम पुढील वर्षावर ढकलूं नये.