बाई, तुम्हीसुद्धा?

परवा बारामतीहून इंदापूरला येताना एसटीत एका जुन्या विद्यार्थ्याने मला मोबाइलवर गेम खेळताना पकडलं. "बाई, तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाला. गाडीत वाद नको म्हणून गप्प बसले. उत्तर इथे देते.

मी खेळत होते तो 'मॉन्युमेंट व्हॅली', २०१४ साली लंडनमध्ये तयार झालेला. इडा नावाची छोटी राजकन्या आणि अशक्य वाटणारे जिने, मनोरे. मनोरा फिरवला आणि तुटलेली वाट डोळ्यांना जुळलेली दिसली, की त्या जगात ती खरोखरच जुळते. मारामारी नाही, घड्याळ नाही, हरणं नाही. चुकलात तर पुन्हा फिरवा. वर्गात हे वाक्य मी मुलांना फार कमी वेळा म्हटलं, याची आता खंत वाटते.

कोडी सोडवणं म्हणजे रिकामटेकडेपणा, असं म्हणणाऱ्यांनी निदान बारामतीत तरी ते म्हणू नये. मोरोपंत (१७२९-१७९४) इथलेच. त्यांनी निरोष्ठ रामायण रचलं, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं वर्ज्य. रामाची कथा सांगायची आणि 'राम' म्हणायचं नाही! याला खेळ नाही तर काय म्हणायचं? आणि त्याला वाया गेलेला वेळ म्हणायची कोणाची छाती आहे?

लोकांची भीती मला कळते. उसाचं बिल ऑनलाइन रमीत घालवलेली घरं मीही पाहिली आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, ते योग्यच झालं. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे खेळ वेगळे काढले आहेत. सरकारला कळलेला फरक आईबापांना कळू नये? पोराच्या हातात काय आहे हे न बघता फोन हिसकावणं हा काही संस्कार नव्हे. डोळ्यांचं, झोपेचं म्हणाल तर मान्य, वेळ ठरवून द्या. पण आधी दहा मिनिटं शेजारी बसा.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. असा निवांत, अद्भुत खेळ आपल्या मातीतला का नाही? पुण्यात तयार झालेला 'राजी' २०२०मध्ये आला. भावाला शोधणारी मुलगी, वाटेत कोडी, सगळं छान; पण त्यातही लढाया आहेतच. आणि इथे आपल्या तालुक्यात पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर उजनीच्या पाण्यात बुडालेलं आहे. पाणी ओसरलं की ते वर येतं. २०२४च्या उन्हाळ्यातही आलं होतं. पाण्याची पातळी एकेक हात उतरावी आणि एकेक खांब, एकेक शिल्प उघडं पडून पुढची वाट दाखवावी, याहून चांगलं कोडं कुठल्या लंडनवाल्याला सुचणार आहे? ते सुचणारं पोर आत्ता कदाचित कुणाच्या तरी घरी बोलणी खात असेल.

मी स्वतः एकदा वर्गात चोरून 'चांदोबा' वाचणाऱ्या मुलाचा अंक काढून कपाटात ठेवला होता. परत द्यायचा राहूनच गेला. म्हणून एसटीतला तो पुन्हा भेटला तर उपदेश करणार नाही. फोन त्याच्या हातात देईन आणि म्हणेन, फिरव तो मनोरा.