दोन पानांचे रोप आणि दहा वर्षांचा तुरुंग

तासगाव-मिरजेकडचा द्राक्ष बागायतदार छाटणीपासूनचे दिवस मोजत असतो. आज कितवा दिवस, फूट किती आली, घड कोठे दिसला, ह्याची त्याच्यापाशी खडान्‌खडा नोंद असते आणि त्या नोंदीवर त्याचे सारे वर्ष तरते किंवा बुडते. हीच दिनगणना आता मोठ्या शहरांतील काही बंद खोल्यांतून, किंबहुना कपड्यांच्या कपाटांतूनही चालू झाली आहे. मात्र तेथले पीक द्राक्षाचे नव्हे, गांजाचे आहे. आणि वही ठेवणारा बहुधा चांगल्या घरातला, शिकलेला, विशी-पंचविशीचा तरुण आहे. ह्या नव्या प्रकाराचा विचार आमच्या राज्यकर्त्यांनी अद्याप केलेला दिसत नाही. तो का करावा, हे सांगण्यापूर्वी त्या झाडाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे.

शेतातला गांजा हा दिवसाच्या लांबीचा ताबेदार. पावसाळ्यात तो नुसता वाढतो आणि दिवस लहान होऊ लागले म्हणजे फुलोऱ्यावर येतो. वनस्पतीला दिवस-रात्रीचे हे मोजमाप कळते, ह्याचा सुगावा ज्युलियाँ तूर्न्वा नावाच्या फ्रेंच संशोधकाला 1912 च्या सुमारास लागला तो ह्याच झाडावर व हॉपच्या वेलीवर प्रयोग करताना. बिचारा पहिल्या महायुद्धात मारला गेला, आणि तंबाखू व सोयाबीनवर तोच सिद्धान्त पुरा करण्याचे श्रेय 1920 साली गार्नर व अ‍ॅलर्ड ह्या अमेरिकनांकडे गेले. आज रात्री दिवे लावून शेवंतीचा फुलोरा लांबवणारा आमचा शेतकरी त्याच ज्ञानाचा वारस आहे.

परंतु 1924 साली यानिशेव्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने व्होल्गेच्या खोऱ्यात वाढणाऱ्या खुरट्या रानटी गांजाचे वर्णन केले, आणि तेथून निराळाच मार्ग फुटला. ह्या रानटी जातीला दिवसाच्या लांबीशी कर्तव्य नसते. वय झाले की ती आपली फुलते. तिचा संकर जुन्या जातींशी करून जे बियाणे निघाले, त्यालाच आज ‘ऑटोफ्लॉवर’, म्हणजे स्वयंपुष्पी, म्हणतात. त्याला शेत नको, ऋतू नको, दिव्याखाली ठेवलेली एक कुंडी पुरे. प्रथम दोन गुळगुळीत बीजदले, मग एकेका दातेरी पर्णिकेची जोडी, मग तीन, मग पाच पर्णिकांची पाने. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फुलांची चाहूल. सारे आयुष्य जेमतेम अडीच-तीन महिन्यांचे. आरंभी जे रोप खुरटले त्याला पुढे सावरण्यास अवधीच उरत नाही, म्हणून पहिल्या तीन-चार आठवड्यांची ही डोळ्यांत तेल घालून ठेवलेली वही! (एवढी आस्था ह्या मुलांनी कृषिविद्यालयात दाखविली असती, तर आमच्या हळदीचे व द्राक्षांचे कल्याण झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.)

आता ह्याच पहिल्या तीन आठवड्यांकडे कायद्याच्या चष्म्यातून पाहा. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यात गांजा म्हणजे त्या झाडाचे फुललेले वा फळलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसते बी किंवा नुसते पान म्हणजे गांजा नव्हे. म्हणजे आरंभीच्या रोपात कायद्याच्या व्याख्येने गांजा नाहीच. परंतु लागवडीचे कलम गांजाविषयी बोलत नाही, झाडाविषयी बोलते. आणि झाड म्हणजे त्या प्रजातीचे कोणतेही झाड. कलम 20 प्रमाणे त्याची लागवड करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मग ते एकरभर उसात लपविलेले पीक असो की कुंडीतले दोन पानांचे रोप असो!

ह्याच्या शेजारी इतर शिक्षा मांडून पाहाव्यात. प्रत्यक्ष गांजा ओढणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. एक किलोपर्यंत तयार गांजा जवळ बाळगणाऱ्यास एक वर्षापर्यंत. वीस किलोपासून पुढे मात्र कमीत कमी दहा वर्षे. वजनाप्रमाणे शिक्षेची ही पायरी 2001 च्या दुरुस्तीने आली, आणि ती विवेकाचीच होती. पण ही पायरी लागवडीच्या उपकलमाला लावण्याचे राहून गेले. परिणामी तयार गांजाची पुडी विकत घेणारा तरुण एका वर्षाच्या शिक्षेस पात्र, तर त्याच पुडीसाठी विक्रेत्याच्या दारी न जाता घरात एक रोप लावणारा दहा वर्षांच्या! न्यायाधीश तारतम्य पाहतील, असे कोणी म्हणेल. पाहतीलही. परंतु तीन वर्षांहून अधिक शिक्षेचे गुन्हे ह्या कायद्याखाली केवळ विशेष न्यायालयातच चालतात. म्हणजे निकाल काहीही लागो, कुंडीवाल्याला तस्कराच्याच रांगेत तारखा मोजत उभे राहणे प्राप्त आहे.

आम्ही गांजाची वकिली करतो आहोत, असा समज कृपया कोणी करून घेऊ नये. कोवळ्या वयात गांजाची सवय लागली तर मेंदूच्या वाढीवर आघात होतो आणि तीव्र जातींच्या नित्य सेवनाने बुद्धिभ्रमाचा धोका वाढतो, हे आजच्या वैद्यकाला ज्ञात आहे. शिवाय ह्या भागाला स्वस्थ बसणे परवडणारेही नाही. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा साठा पकडला तो माधवनगरच्या लगतच्या कुपवाडमध्ये. 2025 च्या जानेवारीत त्याच विषाचा कारखाना उघडकीस आला तो विट्याजवळच्या कार्वे गावी. पोलीस, प्रयोगशाळा आणि विशेष न्यायालये ह्यांची शक्ती खर्च व्हावयाची ती अशा कारखान्यांवर व्हावी, असे म्हणणे हा सौम्यपणा खासच नव्हे.

ह्या झाडाकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याचा प्रयत्न आमच्या देशात एकदा झाला होता, आणि तोही परक्या सरकारकडून. 1893 साली नेमलेल्या मॅकवर्थ यंग ह्यांच्या आयोगाने हजारावर साक्षी नोंदविल्या. वेड्यांच्या इस्पितळांतून ‘कारण: गांजा’ असे बिनदिक्कत लिहिलेले कागद पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतील अनेक नोंदींना आधारच नसल्याचे आढळले. आयोगाने 1894 मध्ये सरसकट बंदीऐवजी परवाने व कर ह्यांचा मार्ग सुचविला. तो मार्ग आज तसाच उचलावा असे आमचे म्हणणे नाही. तेव्हाचा गांजा आणि आजचे संकरित बियाणे ह्यांत फार अंतर पडले आहे. परंतु निर्णयापूर्वी चौकशी करण्याची ती रीत मात्र घेण्यासारखी होती. जम्मूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिन ह्या संस्थेत आज परवान्याने ह्या झाडाची औषधासाठी लागवड होते. राहुरीच्या कृषी विद्यापीठालाही तशी परवानगी मिळण्यास कायद्यात वाट आहे. कलम 10 राज्यांना तो अधिकार देते.

आमची मागणी मर्यादित आहे. कलम 20 मधील लागवडीच्या उपकलमात, वजनाला लावली तशीच, झाडांच्या संख्येची पायरी घालावी. विक्रीचा हेतू सिद्ध न झालेल्या मूठभर रोपांचा गुन्हा एक वर्षाच्या शिक्षेच्या वर्गात आणावा, आणि अशा तरुणास पहिल्या खेपेस तुरुंगाऐवजी उपचार व देखरेखीखाली पाठविण्याची तरतूद करावी. सांगलीच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात निदान अशासकीय विधेयक तरी मांडावे. मसुदा अर्ध्या पानाहून मोठा होणार नाही.