श्वासाचा जमाखर्च



आमच्या वस्तीमागच्या मैदानावर पहाटे साडेपाचपासून पोरापोरींची धाव सुरू असते. पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, अशी ही ५० गुणांची मैदानी परीक्षा. ऑफिसला जाण्याआधी आम्ही तेथे उभे राहतो, घड्याळ धरतो आणि वहीत प्रत्येकाची वेळ लिहून ठेवतो. कारकुनाला दुसरे काय येणार!

त्या वहीत एका मुलीची नोंद आम्हाला सतावत होती. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील हमाली करतात. पाचशे मीटरपर्यंत ही मुलगी पहिल्या तिघींत असायची. मग एकाएकी धाप लागायची, छाती धडधडायची आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची. कोणी म्हणे फुप्फुसे कमजोर आहेत, कोणी म्हणे आळस आहे. एके दिवशी वडील आम्हाला म्हणाले, ‘‘भाऊ, आमच्या घरात कुणालाच दम नाही बघा. उगा पोरीला कशाला पळवायचं? एखादं स्थळ बघतो आणि उजवून टाकतो.’’

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. ‘दम नाही’ या दोन शब्दांवर एका मुलीचे आयुष्य ठरत होते. तेव्हा दम म्हणजे काय आणि तो नेमका कुठे कमी पडतो, हे आपण सर्वांनीच एकदा नीट समजून घेतले पाहिजे. आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून हिशेबानेच सांगतो.

आपण स्वस्थ बसलेलो असतो तेव्हा मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो. एका श्वासात अर्धा लिटर हवा. म्हणजे मिनिटाला सहा ते आठ लिटर. आत जाणाऱ्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो, बाहेर पडणाऱ्या हवेत सुमारे १६ टक्के. अशा रीतीने मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू रक्तात जमा होतो आणि सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जातो. बसलेल्या माणसाचा हा रोजचा जमाखर्च.

ही देवघेव फुप्फुसांतल्या कोट्यवधी बारीक फुग्यांत होते. त्यांना वायुकोश म्हणतात. ते सारे उलगडून जमिनीवर पसरले तर चाळीतल्या दहा बाय दहाच्या सात-आठ खोल्या भरतील. त्यांची भिंत इतकी पातळ की एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला रक्त, मध्ये जवळजवळ काहीच नाही. प्राणवायू जिकडे जास्त आहे तिकडून कमी आहे तिकडे आपोआप सरकतो, फुप्फुस त्याला ढकलत नाही. डेन्मार्कमधील ऑगस्ट आणि मारी क्रोघ या पतिपत्नींनी १९१० साली हे प्रयोगांनी दाखवून दिले.

आता धावायला सुरुवात करू. पहिले पाऊल पडताक्षणीच श्वास वाढतो. रक्तात अजून काही बदल झालेला नसतो, पण मेंदू पायांना ‘चला’ म्हणतो तेव्हाच श्वासाच्या केंद्रालाही वर्दी देतो. पुढे स्नायू जसजसा कार्बन डायऑक्साइड तयार करतात तसतसा श्वास त्याच्याशी जुळवून घेतो. श्वासाची दोरी मुख्यतः प्राणवायूच्या नव्हे तर कार्बन डायऑक्साइडच्या हातात असते, हे इंग्लंडमधील हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ साली सिद्ध केले.

जोरात धावताना श्वास मिनिटाला ४०-५० पर्यंत जातो आणि प्रत्येक श्वासात दोन लिटर किंवा त्याहून जास्त हवा असते. म्हणजे मिनिटाला शंभर लिटरच्या घरात. प्राणवायूची जमा २५० मिलिलिटरवरून अडीच-तीन लिटरवर जाते. बसल्या जागी मिनिटाला पाच लिटर रक्त फिरवणारे हृदय वीस लिटर फिरवू लागते.

एवढी धावपळ चालू असताना फुप्फुसांतून निघालेल्या रक्तात प्राणवायू कमी पडत असेल, असे आपल्याला वाटते. पण निरोगी माणसात तसे होत नाही. त्या रक्तातले हिमोग्लोबिन धावतानाही बसल्यावेळेइतकेच, ९७-९८ टक्के भरलेले असते. स्वस्थ असताना रक्ताला वायुकोशाजवळून जायला पाऊण सेकंद लागतो आणि भरून घ्यायला पाव सेकंद पुरतो. धावताना रक्त घाईने जाते, तरी काम भागते. शिवाय एरवी रिकाम्या बसलेल्या फुप्फुसाच्या वरच्या भागातल्या केशवाहिन्याही उघडतात. थोडक्यात, फुप्फुसांच्या तिजोरीत भरपूर शिल्लक असते.

मग दम कुठे कमी पडतो? बहुतेक वेळा वाहतुकीत. त्या मुलीच्या वडिलांना आम्ही विचारले, ‘‘गोदाम मालाने भरलेलं आहे, रस्ता मोकळा आहे, पण हातगाड्या निम्म्याच आहेत. मग दुकानात माल वेळेवर पोचेल का?’’ ते हसले. ‘‘हमालाला काय विचारता भाऊ! नाही पोचणार.’’

रक्तातल्या या हातगाड्या म्हणजे हिमोग्लोबिन. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. शंभर मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम असेल तर पावणेएकोणीस मिलिलिटर प्राणवायू. ८ ग्रॅमच असेल तर पावणेअकरा. हृदय कितीही धडधडले तरी रिकाम्या जागी गाड्या कुठून येणार? म्हणून थोड्याशा धावेत छाती धडधडते, पाय जड होतात आणि धाप लागते.

येथे एक फसगत होते. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या काळात अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. त्यात ९८ दिसले की आपण निर्धास्त होतो. पण आहेत त्या गाड्या किती भरल्या, एवढेच ते यंत्र सांगते. गाड्या एकूण किती आहेत हे सांगत नाही. या मुलीच्या बोटावरही ९८ आले होते.

आम्ही तिला आईसोबत सरकारी दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन निघाले ८. प्रौढ स्त्रीचे १२ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे ज्या बायकांना आपण ‘जरा कामाला लावली की दमते’ म्हणून बोल लावतो, त्यांतल्या कितीतरी आजारी असतात. सर्वांना वाढून उरले तर खाणारी आई, पाळीचा अतिस्राव सांगायला लाजणारी मुलगी, पोटात जंत असलेले पोर, यांची धाप आळसाची नसते.

विदर्भातील बांधवांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आपल्या समाजातही तिकडे सिकलसेलचा आजार आढळतो. त्यात हिमोग्लोबिनच वेगळ्या घडणीचे असते आणि प्राणवायू सोडल्यावर रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. तेथे निव्वळ लोहाच्या गोळ्यांनी काम होत नाही, आणि तहानलेले राहून जिवाच्या आकांताने धावणे धोक्याचे ठरते. म्हणून आधी तपासणी, मग औषध, मग मैदान.

मुलांनाही दोन शब्द. मैदानाच्या कडेला बिडी-सिगारेट ओढून धावायला उतरणारे आम्ही पाहतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. हातगाडीत आधीच दुसऱ्याचा माल भरल्यासारखे ते आहे.

आता सराव कसा करावा? धावण्याचा वेग फार वाढला की स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचू लागते. ते निवळताना जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि श्वास एकदम उसळतो. धावता धावता सोबत्याशी एक पुरे वाक्य बोलता येत असेल तर आपण या मर्यादेच्या आत आहोत. शब्द तुटू लागले की मर्यादा ओलांडली. आठवड्यातले बहुतेक दिवस बोलता येईल अशा वेगाने धावावे, एक-दोन दिवसच जोर लावावा. थांबल्यावरही धाप चालू राहते, तिला ए. व्ही. हिल या शास्त्रज्ञाने प्राणवायूची उधारी म्हटले. त्याला १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे कळले की ती सगळीच उधारी नसते, तापलेले शरीर निवायलाही वेळ लागतो. म्हणून धाव संपताच मटकन खाली बसू नये. दोन-चार मिनिटे चालावे.

काही आठवड्यांच्या सरावाने फुप्फुसे फारशी मोठी होत नाहीत. हृदय मात्र एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागते आणि स्नायूंत नव्या केशवाहिन्या फुटतात. दम रक्तात वारशाने येतो तेवढाच असतो, हे खोटे आहे. तो कमावता येतो. पण हट्टानेही नव्हे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवारांचे प्राण गेले, हे कोणी विसरू नये. छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, ओठ निळे पडणे, साध्या जिन्यावर धाप लागणे, दोन आठवड्यांहून अधिक खोकला, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर.

हिशेबाची एक दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्या कष्टकरी माणसांची आहे. श्वास दसपट वाढतो म्हणजे हवेत जे जे आहे ते दसपट आत येते. खुर्चीवर बसून मुकादम जी धूळ खातो, तिच्या कितीतरी पट ओझे उचलणारा खातो. गटारात हे जीवघेणे ठरते. तेथला हायड्रोजन सल्फाइड वायू पेशींना प्राणवायू वापरूच देत नाही, आणि फार झाला तर त्याचा वासही कळेनासा होतो. एक जण आत कोसळतो, दुसरा त्याला वाचवायला धापा टाकत उतरतो आणि त्या धापेबरोबर जास्तच विष ओढतो. एकामागून एक तिघे-चौघे का मरतात, याचे उत्तर यात आहे. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई ठरवली आहे. आपल्या माणसाने आत उतरायला नकार द्यावा, आणि त्या नकारामागे आपण उभे राहावे.

आता त्या मुलीचे. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी तिला मळमळले, शौचाला काळे झाले. घाबरून ती गोळ्या सोडणार होती. काळे होणे हे गोळीमुळेच असते, हे नर्सताईंनी समजावले तेव्हा राहिली. गोळीवर चहा बंद झाला, जेवणात लिंबू आले, कडधान्ये आली, घरात मटण-कलेजी शिजेल तेव्हा पहिली वाटी तिची, असे वडिलांनीच ठरवले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले. परवाच्या रविवारी ती आठशे मीटर न थांबता धावली. आमच्या वहीत तिच्या नावापुढे पहिल्यांदा पूर्ण वेळ लिहिली गेली. भरतीचा निकाल लागेल तेव्हा लागेल. स्थळाचा विषय मात्र सध्या घरात निघत नाही.

आनापानसतीला बसतो तेव्हा आपण आपला श्वास जाणतो. लांब श्वास लांब आहे आणि आखूड श्वास आखूड आहे, हे ओळखायला तथागतांनी शिकवले. घरातल्या माणसाची धाप ओळखणे हेही त्यातच येते. म्हणून प्रत्येक विहाराच्या कमिटीला आमची विनंती आहे. येत्या जयंतीच्या वर्गणीतून डी.जे.चा एक तास कमी करावा आणि वस्तीतल्या मुली, आया, बहिणी यांच्या रक्ततपासणीचे एक शिबिर घ्यावे. यादी लिहायला आम्ही वही घेऊन येऊ.

जयभीम! नमो बुद्धाय!